बाबू, दादरच्या कोकणी दुकानात जाशील तेव्हा

चि. बाबूस,

आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की दादरला स्टेशनाबाहेर कोकणी मालाची दुकानं आहेत, पण तिथलं घ्यायला मन होत नाही, घरचं ते घरचं. फोनवर तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. अरे, त्या दुकानात जे पाकीट ठेवलेलं असतं ते कुणाच्या तरी घरचंच असतं. आपल्या वाडीतल्या बचत गटाची आमसुलं ह्याही वर्षी मुंबईला गेली. आपल्याच खळ्यात बसून आम्ही बायकांनी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले, वाळवले, वजन करून भरले. पाकिटावर गटाचं नाव आहे, कुणा एकीचं नाही, एवढंच. तेव्हा तिथून खुशाल घे. फक्त कशात काय बघायचं ते माहीत पाहिजे. इथे तुला सगळं डब्यात भरलेलंच मिळायचं, त्यामुळे निवडून घ्यायची वेळच कधी आली नाही. सूनबाई तर नागपूरची, तिला हा माल नवाच. तिलाही हे वाचून दाखव.

आधी आमसुलं, कारण त्यावाचून आपलं जेवण होत नाही. रातांबा पिकतो एप्रिल-मे महिन्यात. फळ फोडून आतला गर आणि बिया काढायच्या, त्याच्याच रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी पाच-सहा पुटं बसली की लाल साल काळसर जांभळी होते आणि मग ती वर्षभर टिकते. वैशाखात आभाळ आलं की सगळ्यांचा जीव टांगणीला, कारण पुट अर्धवट राहिलं आणि वळवाचा पाऊस पडला तर बुरशी धरते. दुकानात गेलास की आमसूल चिमटीत धरून वाकवून बघ. चांगलं असेल तर न मोडता वाकतं, बोटाला किंचित ओल लागते, पण रस ठिबकत नाही. वर मिठाचा पांढरा थर दिसला तर मिठाचंच वजन विकत घेतोयस असं समज. एक जिभेवर ठेव. आधी आंबट लागलं पाहिजे, मीठ मागाहून. आधी खारटच लागलं तर दुसरं बघ. कडक, तपकिरी झालेलं असेल ते मागच्या साली राहिलेलं. दुकानदार बहुतेक आपल्याकडचाच निघेल, त्याला सरळ मालवणीत विचार, "सोलां ह्या वर्साची आसत काय?" तो खरं सांगतो. तुम्हा दोघांना अर्धा किलो पुष्कळ झालं. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेव, ॲल्युमिनियमच्या डब्यात अजिबात नको. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाकिटांवर तसं छापलेलं दिसतं. ते असलं तरी चव घेतल्याशिवाय घेऊ नकोस.

आगळ आणि कोकम सरबत ह्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि रंगाने सारख्याच दिसतात. आगळ म्हणजे रातांब्याचा रस आणि मीठ, साखर नाही. सोलकढीला आगळच लागतं. सरबताच्या बाटलीत साखरेचा पाक असतो, ती चुकून सोलकढीत गेली तर सगळा नारळ फुकट. मागचं लेबल वाच. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेच लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते सरबत. सूनबाईला सांग, नारळाच्या दुधात आगळ थोडं थोडं घालत जायचं, रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं, लसूण-मिरची वाटून घालायची, आणि मीठ चाखल्याशिवाय वरून घालायचं नाही, कारण आगळात ते असतंच. चुलीवर ठेवायची गरज नाही.

कुळथाचं पीठ मात्र मोठ्या पाकिटात कधीच आणू नकोस. आपल्याकडे भातकापणीनंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कुळीथ होतो, आणि माघ-फाल्गुनात घरात येतो. तो भाजून, भरडून, फोलं पाखडून मग दळायचा. सगळी चव त्या भाजण्यात असते. पाकीट उघडल्याबरोबर खमंग वास आला पाहिजे. कच्चा वास आला तर पीठ घरी मंद आचेवर थोडं परतून घे, पण दुसऱ्यांदा त्या गटाचं घेऊ नकोस. काही जण त्यात धणे-जिरे आणि मिरची घालूनच दळतात, तेही चांगलं, फक्त मग तिखट जपून. पिठी तुला करता येईल. लसणाची चरचरीत फोडणी, पाणी, दोन आमसुलं, मीठ, आणि पीठ थंड पाण्यात कालवून वरून ओतताना दुसऱ्या हाताने सारखं ढवळायचं. पावसात ऑफिसातून भिजून आलास की पंधरा मिनिटांत होते. बरोबर उकड्या तांदळाचा भात असला तर आणखी काही लागत नाही.

उकडे तांदूळही तिथेच मिळतील. भात सालीसकट अर्धवट उकडून, वाळवून मग कांडलेला, म्हणून दाणा जाड आणि थोडा पिवळसर दिसतो. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा त्याला पाणी जास्त लागतं आणि वेळही. सूनबाई पहिल्यांदा कुकर लावेल आणि तिला वाटेल की शिजलाच नाही. पातेल्यात भरपूर पाणी घालून सावकाश शिजवा आणि वरचं पाणी टाकू नका, तीच पेज. तुला ताप असला की मी काय द्यायचे, आठवत असेल.

तिरफळांचं, म्हणजे मासळीच्या आमटीत टाकायच्या त्या मसाल्याच्या फळांचं, थोडं जपून. नवी तिरफळं पावसाच्या शेवटाला येतात, म्हणजे आता दुकानात असतील ती गेल्या वर्षीची. हातावर दोन दाणे चुरडून वास घे. संत्र्याच्या सालीसारखा तीव्र वास आला तर अजून जीव आहे. फुटलेल्या टरफलातली काळी बी काढून टाकायची, ती कचकच लागते. चव सगळी टरफलात. वाटणात वाटायचं नाही, किंचित ठेचून बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत टाकायचं आणि जेवताना बाजूला काढायचं. जीभ जराशी बधिर झाल्यासारखी होते, सूनबाईला ते आधीच सांग, नाहीतर ती घाबरेल. पन्नास ग्रॅम घेतलीस तरी खूप दिवस जातील. नागपूरकडच्या माणसाला हा वास पहिल्या घासात आवडेलच असं नाही. तिच्या पानात जबरदस्तीने वाढू नकोस, तिचं तिला कधी आवडायचं तेव्हा आवडू दे.

आता मृग लागला. १ जूनपासून यांत्रिक होड्या बंद आहेत, तेव्हा ताज्या मासळीचे भाव चढणार आणि सगळी गर्दी सुक्यावर येणार. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घेशील तेव्हा पाकिटाच्या तळाशी भुगा किती आहे ते बघ. सोडा अखंड, नारिंगी झाक असलेला आणि कोरडा हवा. हाताला चिकट लागला तर पावसाळी हवा खाल्लेला आहे, घेऊ नकोस. सुकटीत, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीत, वाळू असतेच. घरी आणल्यावर चाळून घे, मग तव्यावर कोरडीच भाज आणि कांद्यावर परतायच्या आधी पाण्यातून पटकन काढ. खारा बांगडा मात्र तुमच्या इमारतीत भाजू नका. शेजारचे शाकाहारी आहेत असं तूच म्हणाला होतास, त्यांना उगाच त्रास कशाला. तो तू गणपतीला घरी आलास की खा.

मालवणी मसाल्याचं पाकीट घ्यायला हीच वेळ. मिरच्या मे महिन्याच्या उन्हात वाळवून, भाजून, डंकावर कुटून नवा मसाला नुकताच बाजारात आलेला असतो. बेडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला. पाकिटावर तयार केल्याचा महिना बघ, एप्रिल किंवा मे असेल तर डोळे झाकून घे. घरी आणल्यावर बरणीत हिंगाचा खडा टाकून ठेव आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नकोस. तुझ्या काकीचा मसाला मी पाठवणारच आहे, पण तो दिवाळीपर्यंतच पुरतो, हे दरवर्षीचं आहे.

गोडाचं म्हणशील तर आंबापोळी आणि फणसपोळी. आंबापोळीच्या लेबलवरही पहिलं नाव आंब्याचंच पाहिजे. ताटात रसाचा थर वाळला की त्यावर दुसरा, असे थर चढवत ती होते, त्यामुळे कड निरखून पाहिलीस तर थर दिसतात. रंग फार झगझगीत पिवळा असेल तर मला तरी ती पटत नाही. उन्हात वाळलेला आंबा थोडा काळवंडतोच. फणसपोळी बरक्या फणसाची, मऊ आणि चिवट. काप्याचे गरे तळायला जातात. सूनबाईला फणसाचा वास चालतो का ते विचारून मगच आण.

काजू ह्या वस्तूवर मात्र सगळ्यांत जास्त पैसे जातात, म्हणून लक्ष देऊन वाच. डब्यावर २४०, ३२० असे आकडे असतात. ते एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात त्याचे. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. पाहुण्यांसमोर ठेवायला मोठा घे, पण उसळीला किंवा वाटणाला पाकळी किंवा तुकडा पुरे, चव तीच. बाहेरून आलेल्या कच्च्या काजूवर प्रक्रिया करूनही पुष्कळ माल विकला जातो, तेव्हा वेंगुर्ल्याचा आहे का ते विचार. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे. जमलं तर सालीसकट भाजलेला घे, आपल्या मातीतली चव त्यात जास्त कळते असं माझं ठाम मत आहे. ओले काजूगर आता मागू नकोस, त्यांचा हंगाम फाल्गुन-चैत्रात संपला. वाळवून ठेवलेले मिळतील, ते रात्रभर भिजवले की उसळ छान होते.

आणि भावावरून घासाघीस करू नकोस, झिला. काजूच्या टरफलात जो चीक असतो त्याने हाताची कातडी जाते. फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात, तरी बोटं काळी पडतात. रातांबे फोडून आमचीही बोटं जांभळी होतात, पण ती चार दिवसांत धुऊन निघतात, त्यांची निघत नाहीत. वस्तू खराब असेल तर तोंडावर सांग आणि परत कर. चांगली असेल तर सांगितलेले पैसे दे. दुकानदाराने दहा रुपये कमी केले तर ते तो स्वतःच्या खिशातून नाही देत, पुढच्या खेपेला गटाला दर पाडून मागतो. आमच्या बैठकीत दरवर्षी ह्याच्यावरच बोलणं होतं.

खोबरेल, पोहे, नाचणीचं पीठ हे काही तिथूनच घ्यायला पाहिजे असं नाही, तुझ्या नेहमीच्या वाण्याकडे मिळेल ते चालेल. जास्त आणून साठवू नका, मुंबईच्या पावसाळी हवेत सगळ्याला बुरशी लागते. बाबांनी सांगितलंय की गणपतीची तिकिटं मिळाली की कळव, ते कुडाळला स्टेशनवर घ्यायला येतील.

एक काम कर. शनिवारी जाशील तेव्हा दोन-तीन दुकानांत नव्या आमसुलांचा किलोचा भाव विचार, सुट्ट्या मालाचा वेगळा आणि पाकिटाचा वेगळा, आणि मिठाची किती, बिनमिठाची किती तेही. कागदावर लिहून घे आणि रविवारी सकाळी फोन कर. दुपारी गटाची बैठक आहे, ह्या वर्षीचा दर ठरवायचा आहे.

तुझी,
आई