विकी गोठण्याआधी पेटंट, नंतर फर्मेंटर

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

आयजेम या कृत्रिम जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेत पदक मिळाले की महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. स्पर्धेसाठी जनुक बदललेल्या त्याच जिवाणूवर कंपनी काढायला निघालेल्या मुलांना मात्र कळते, की पेटंटची वेळ कधीच टळून गेली.

प्रत्येक संघाला आपले काम सार्वजनिक विकीवर मांडावे लागते. साधारण ऑक्टोबरात ती पाने गोठतात, म्हणजे पुढे बदलता येत नाहीत. तिथे छापले की पेटंटला लागणारे नावीन्य संपले. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत अधिसूचित प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधांना आहे, वेबपानाला नाही. म्हणून प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज विकीच्या आधी गेला पाहिजे. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, पूर्ण अर्जाला पुढे १२ महिने. त्यात दोन पानी कल्पना लिहून भागत नाही. प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा), जनुक आणि यजमान जिवाणू डीएनए क्रमासकट द्यावे लागतात, कारण जे लिहिले त्यालाच अग्रक्रम मिळतो. घोडे पैशांपाशी अडत नाही. मालकी विद्यार्थ्यांची, मार्गदर्शकांची की संस्थेची, यावर सही करणारे कोणी नसते. विद्यापीठांना ती १५ दिवसांत करायला लावा.

दुसरी अडचण टाकीतली, म्हणजे जिवाणू मोठ्या प्रमाणावर वाढवायच्या फर्मेंटरमधली. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर माध्यम, ३७ अंश, मिनिटाला २०० फेरे: इथे हवा मुबलक असते. मोठ्या टाकीत ती कमी पडते, ॲसिटेट हा वाढ रोखणारा टाकाऊ पदार्थ साचतो आणि प्रथिन घटते. शिवाय प्लास्मिड, म्हणजे नवे जनुक वाहणारे डीएनएचे सुटे वर्तुळ, पेशी विभागताना गळते. १ मिलिलिटरपासून १,००० लिटरपर्यंत जायचे तर वाढ १० लाख पट, म्हणजे सुमारे २० पिढ्या. प्लास्मिड नसलेल्या पेशी माराव्यात म्हणून ॲम्पिसिलिन हे अँटिबायोटिक घातले तरी प्लास्मिडवाल्या पेशींचेच बीटा-लॅक्टमेज हे विकर ते फोडून टाकते आणि प्लास्मिड नसलेल्या पेशी फुकटात वाढतात. तपासणी सोपी आहे: दर पाच पिढ्यांनी नमुना अँटिबायोटिक असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर पसरायचा, कॉलन्या मोजायच्या. फरक मोठा निघाला तर जनुक गुणसूत्रातच बसवावे लागते. हे काम कंटाळवाणे, पदक न देणारे. स्पर्धेच्या वर्षात कोणी करत नाही.

केंद्राच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या संस्थेचे नवउद्योजकांसाठीचे बिग अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळते, पण प्लास्मिड टिकण्याचे हे आकडे हाताशी नसतील तर अर्जात वजन येत नाही. ते मिळवायला १० लिटरचा फर्मेंटर लागतो. तो प्रत्येक महाविद्यालयाला घेऊन देऊ नका, धूळ खाईल. विभागीय विद्यापीठात एकेक ठेवा, चालवणारा तंत्रज्ञ नेमा आणि तासाच्या भाड्याचा दर जाहीर करा.

आपले,
विद्यार्थी संघांचे काही मार्गदर्शक