दारापासून पाण्यापर्यंत

त्सुरुनोयु, अकिता, जपान
फेब्रुवारी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

बाबा जेवून पडले ते घोरायलाच लागले. बाहेर बर्फ पडतोय आणि खोलीत टीव्ही नाही, म्हणून कागद घेतला. ऐन वेळी तुझी रजा रद्द झाली तेव्हा आम्हीही जात नाही म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस ते बरं झालं.

ताझावाकोपर्यंत तुझी ती लाल कोमाची ट्रेन, मग बस, आणि शेवटी उतारूंना न्यायला आलेली इथली गाडी. ‘न्यूतो’ या इथल्या डोंगराच्या नावाचा अर्थ बाबांनी वाटेत फोनवर शोधला. डोंगराच्या आकारावरून स्तनाग्र म्हणतात हे वाचलं, आणि फोन खिशात टाकून खिडकीबाहेर बघत बसले!

आमची खोली गवताने शाकारलेल्या जुन्या लांबट चाळीत आहे. पूर्वी अकिताचे सरदार इथे औषधी आंघोळीला येत, तेव्हा त्यांचे शिपाई हिच्यात उतरत. जमिनीतच चूल. काठीला टोचलेला, मीठ लावलेला नदीचा मासा निखाऱ्याजवळ उभा करून भाजतात. मिसोच्या रश्शात डोंगरी कंदाचे गोळे होते, चिकट पण चवदार. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं मी तीनदा मागून घेतलं.

आता आंघोळीचं सांगते. कोकणात उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही बायका साडीसकट उतरायचो. इथे आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग अंगावर काही न ठेवता पाण्यात. टॉवेलसुद्धा बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. तू फोनवर वैतागून म्हणाली होतीस, ‘आई, कोणी बघत नाही.’ एका आजींनी मात्र बघितलं! मी युकाता, म्हणजे इथला सुती झगा, उजवी बाजू वर घेऊन बांधला होता, तसा म्हणे मयताला बांधतात. त्यांनी तो सोडून नीट बांधून दाखवला आणि लगेच, आता काढ, अशी खूण केली. दोघीही हसलो.

बायकांच्या उघड्या कुंडापर्यंतचे दगड इतके गार, की लाजायला थांबायची सोय नाही. आणि पाणी दुधासारखं पांढरं. गळ्यापर्यंत बसलं की आपलं अंग आपल्यालाच दिसत नाही. लाज काय ती दारापासून पाण्यापर्यंतची. केसांवर बर्फ साचत होता आणि खाली गुडघा, माझा तो डावा, पहिल्यांदाच गप्प होता.

बाहेर पडताना आजींनी माझ्या पोटावरच्या टाक्यांकडे बोट केलं. ‘कोदोमो?’ म्हणजे मूल, हा शब्द तू शिकवलेला. मी ‘हाय’, म्हणजे हो, म्हटलं आणि एक बोट वर केलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला.

उद्या बाबा उठायच्या आत पुन्हा जाणार आहे.

चांदी काढून ठेव असं तू बजावलं होतंस. पैंजण काढले, जोडवी राहिली. गंधकाने काळी ठिक्कर पडलीत. शनिवारी तुझ्याकडे आले की टूथपेस्टने घासते.

तुझी,
आई