काका, कूलरमधल्या त्या अंड्यांसाठी थँक्यू

प्रिय काका,

तुमच्या समोर बसली की मला हे नीट बोलताच येत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून टाकते.

एप्रिलमध्ये कूलर काढला तेव्हा मागच्या जुन्या खसमध्ये तीन पांढरी अंडी निघाली, चिंचोक्याएवढी. मेकॅनिक म्हणाला ताई फेकून द्या, पालीची आहेत, आणि पोरगं रडायलाच लागलं. मी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, मग मोबाईलवर व्हिडिओ पाहून ओल्या कोकोपीटमध्ये ठेवायला निघाली होती. रात्री ११ वाजता तुम्हाला फोन केला, वाटलं हसाल. तुम्ही हसला नाहीत, पहिलाच प्रश्न विचारला, "फिरवली काय?"

तेव्हा कळलं की कोंबडीच्या अंड्यासारखं हे फिरवायचं नसतं, सुरुवातीच्या दिवसांतच आतला जीव कवचाला चिकटून बसतो आणि उलटं केलं की मरू शकतो. पेन्सिलीने वर बारीक टिंब काढायला लावलंत, की ती बाजू कायम वरच राहील. आणि ते व्हिडिओ बिबट्या गेकोचे होते, म्हणजे लोक हौसेने पाळतात त्या ठिपक्यांच्या पालीचे, त्यांची अंडी चामड्यासारखी मऊ, ओलावा ओढून घेणारी. आपल्या घरच्या पालीचं कवच चुन्याचं, कडक, त्याला ओल्यात बुडवून ठेवायची गरजच नाही. तुम्ही हेही सांगितलं की त्या बिबट्या गेकोत २६ डिग्रीला बहुतेक माद्या निघतात आणि ३२-३३ ला बहुतेक नर, हे ऐकून पोरगं दोन दिवस शाळेत तेच सांगत फिरत होतं.

श्रीखंडाच्या डब्यात कोरडी वाळू, झाकणाला भोकं, आणि तुमचा थर्मामीटर. सगळे व्हिडिओवाले ऊब कशी द्यायची ते सांगतात, पण नागपुरात मे महिन्यात ऊब कोणाला पाहिजे बाप्पा, इथे प्रश्न थंड कसं ठेवायचं हा. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या त्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, एका दुपारी लाईट गेली, कूलर बंद, डब्यात ३६ झाले, आणि मी घाबरून तुम्हाला फोन केला. त्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून तुम्ही स्वतःचा छोटा माठ घेऊन आलात, परातीत ओली वाळू पसरून त्यात माठ टेकवला आणि डबा त्याला चिकटवून ठेवला. तासाभरात ३१. मी ते विसरणार नाही काका, तुमच्या वयाला त्या उन्हात कोणी अंगणातही जात नाही.

टॉर्च लावून पाहिलं तेव्हा दोन अंड्यांत गुलाबी उजेड आणि बारीक लाल रेषा दिसायच्या, तिसरं नुसतं पिवळट. मी फिरवल्यामुळेच मेलं असं मी धरून बसली होती. तुम्ही म्हणालात, याच्यात सुरुवातीपासूनच काही नव्हतं बेटा, तुझ्या हाताने काही झालं नाही. ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली.

३० मेला सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली, एवढंसं नाक बाहेर आलं आणि तसंच थांबलं, मी हात लावायला गेली तर फोनवर तुमचा आवाज, "हात नको लावू, त्याच्या तोंडाशी कवच फोडायला दोन बारीक दात आहेत, त्याचं ते करेल." अर्ध्या तासाने एकदम सगळं बाहेर, दोन इंचही नाही, आरपार दिसेल अशी कातडी, शेपटी सगळ्यात शेवटी. दुसरं दुसऱ्या दिवशी. दोघांनाही तुम्ही सांगितलं तसं संध्याकाळी भिंतीवर सोडून दिलं, पाळायला ठेवलं नाही.

आमच्या सासूबाई पाल अंगावर पडली की आधी आंघोळीला पळायच्या. आता ट्यूबलाईटच्या मागे झाडू फिरवू देत नाहीत, म्हणतात तिथे आपलं लेकरू आहे.

काका, थर्मामीटर आणि माठ दोन्ही धुऊन पुसून ठेवलेत. रविवारी दिवेलागणीला या, ते दोघं बाहेर येतात तेव्हाच.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सून