बाई, तो हिरवा चेहरा अजून माझ्याकडे आहे

आदरणीय बाई,

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही. तरी वाचा, शुद्धलेखन तपासायला लाल पेन घेऊन बसलात तरी चालेल.

सदाशिव पेठेतल्या तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाश्चात्त्य कलेचा इतिहास मला तोंडपाठ होता. आधीच्या क्लासात सन, नावं, शैली घोकून घेतल्या होत्या. "चित्रं बघत बसलात तर पोर्शन कधी संपणार?" हे तिथलं ब्रीदवाक्य. तुम्ही इटलीतल्या सिएनाच्या दुच्चो या जुन्या चित्रकाराने काढलेल्या मेरीचं, येशूच्या आईचं, छापील चित्र पुढे सरकवलंत आणि विचारलंत, "हिचा चेहरा हिरवट का गं?" मी ठोकून दिलं, बायझंटाइन (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती शैलीचा) प्रभाव. तुम्ही म्हणालात, "रविवारी सहा अंडी घेऊन ये. त्यातली दोन गावठी."

गावठी कशाला, ते नंतर कळलं. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने साधारण 1400 च्या सुमाराला लिहून ठेवलंय, की रंग कालवताना तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचा फिका बलक वापरा, म्हाताऱ्या-सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा लालसर. मंडईतला अंडीवाला आणि इटलीतला चित्रकार एकाच भाषेत बोलतात, हे मला कुठल्या नोट्समध्ये मिळालं असतं?

जन्मात अंडं न खाल्लेल्या तुम्ही ते वाटीच्या कडेवर टचकन फोडलंत. बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर, मधे रिकामा हात फडक्याला पुसायचा, असं पांढरं पार निघेपर्यंत. मग चिमटीत उचलून खालून सुईने टोचलात. पिवळी धार वाटीत, पातळ कातडी चिमटीत. माझे पहिले तीन हातातच फुटले; त्यांचं ऑम्लेट घरी जाऊन मीच खाल्लं.

बलकात पाणी आणि रंगाची पूड. सरस-खडूचे थर दिलेल्या फळीवर आधी हिरवी माती, वर गुलाबी. हा रंग लावता लावता सुकतो, तेलरंगासारखा घोळवता येत नाही, म्हणून केसाएवढ्या रेषा शेजारी शेजारी ओढत बसायचं. दोन तास माझी फळीवरची मेरी मळमळल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी गालावर तिसरा थर चढला आणि एकदम रक्त आल्यासारखं झालं. खालच्या हिरव्यामुळेच! तुम्ही चष्मा वर केलात. "आता वरचं गुलाबी सातशे वर्षांत झिजलं की काय उरेल?"

दुच्चोची मेरी. उत्तर माझ्याच हाताखाली होतं.

मंगळुरी कौलावरचं फ्रेस्को मात्र फसलं, तेही माझ्याच आळसाने. ओल्या चुन्यावर रंग लावला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना दगडासारखा होतो आणि रंग त्यात अडकतो, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. मी अख्खं कौल लिंपलं, मधे चहाला उठले. नंतर लावलेला रंग बोटाला पावडरीसारखा आला. रागावण्याऐवजी तुम्ही मिलानचं 'शेवटचं भोजन' उघडलंत. लिओनार्दोने 1495 ते 1498 मधे ते सुक्या भिंतीवर रंगवलं, सावकाश काम करता यावं म्हणून. त्याच्या हयातीतच ते खराब व्हायला लागलं. माझ्या चहाला एवढी मोठी सोबत मिळेल असं वाटलं नव्हतं.

फी तुम्ही घेतली नाहीत. विषय काढला की "ब्रश धुतलेस का?" विचारायचात. तेव्हा हे आभारच घ्या.

फळी माझ्या टेबलासमोर आहे. सासूबाई म्हणतात, हिला जरा हळद लाव. येत्या रविवारी येते आहे, कौलं मिळाली आहेत, चहा आधी पिऊन येईन. अंडी आणू का?

तुमची,
तीन बलक फोडणारी