फुंकर मारून कीटोन?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत मधुमेहींना 'आता बोटाला टोचायची कटकट नको, यंत्रात फुंका आणि कीटोन बघा' असा सल्ला दिला आहे. (इन्सुलिन किंवा खाणं कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा तयार होणारी द्रव्यं म्हणजे कीटोन; मधुमेहींत ती फार वाढली तर जिवावर बेततं.) सुईचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मान्य. पण 'श्वासातले कीटोन म्हणजेच रक्तातले कीटोन' हे वाक्य लेखकाने कुठून आणलं?

कीटोन तीन. रक्ताची स्ट्रिप बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजते, लघवीची पट्टी जांभळी होते ती ॲसिटोॲसिटेटमुळे, आणि श्वासात येतो तो ॲसिटोन. तब्येत खरी बिघडते तेव्हा पहिलाच झपाट्याने वाढतो. रक्तात लिटरमागे ०.६ मिलिमोलच्या आत ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट रुग्णालय. श्वासातल्या पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ॲसिटोनचे किती भाग, याला) अशा सर्वमान्य पायऱ्या नाहीत आणि पीपीएमचं मिलिमोल करणारा ठरलेला गुणाकारही नाही. शिवाय इन्सुलिन लागू पडून रक्तातले कीटोन उतरले तरी ॲसिटोन श्वासात काही तास रेंगाळतो. तो आकडा बघून कोणी इन्सुलिनचा आणखी डोस टोचला, तर शुगर कुठे जाईल?

फुंकणंही वाटतं तितकं सोपं नाही. सुरुवातीची हवा तोंडा-घशातली, ती कामाची नाही. एकसारखं, सावकाश फुंकत राहिलं की शेवटी फुप्फुसाच्या तळची हवा येते, ती मोजायची. उलट्यांनी बेजार, धापा टाकणारं सहा वर्षांचं पोर हे करणार? घरगुती यंत्रांत बहुधा टिन ऑक्साइडसारखा तापवलेला सेन्सर असतो. त्याला ॲसिटोन आणि स्पिरिट यांतला फरक नीट कळत नाही. सॅनिटायझर चोळून यंत्र हातात घेतलं किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरली, की आकडा चढलाच. दमट हवेनेही तो हलतो. वजन उतरवायला कीटो डाएट करणाऱ्यांनी खुशाल फुंकावं. टाइप वन मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा माणसाने आजारपणात त्यावर विसंबू नये.

खरा संताप आला तो शेवटच्या चौकटीतल्या ओळीने : 'शुगर २५० च्या आत असेल तर कीटोन तपासायची गरज नाही.' अहो, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं ऐकली आहेत का? पेटंट संपल्यापासून मधुमेहाच्या या गोळ्या स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोचल्या. त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे मीटरवर १८० दिसत असताना कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लयुक्त होणं) झालेला असू शकतो. नवरात्राचे कडक उपवास, जुलाब-उलट्या, ऑपरेशन ही त्याची नेहमीची निमित्तं. म्हणून तर ठरलेल्या ऑपरेशनआधी या गोळ्या किमान ३ दिवस बंद करायला सांगतात. गोळी चालू आहे, मळमळतंय, पोट दुखतंय, दम लागतोय, तर शुगर कितीही असो, रक्तातले कीटोन बघायचे. स्ट्रिप नसेल तर रुग्णालय गाठायचं. आणि 'खाल्लंच नाही' म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करायचं नाही. चौकटीत हे छापायला हवं होतं. दुरुस्ती छापाल, तीही पहिल्या पानावर, अशी अपेक्षा.

जाता जाता : लेखासोबतचा फोटो वाहतूक पोलिसांच्या दारू तपासायच्या यंत्राचा आहे. मागे नाकाबंदीचं बॅरिकेडसुद्धा दिसतंय.

– एक वाचक, सातारा