मोबाइल गेटवर जमा, वॉकी मात्र आत: कामगार मंत्र्यांना एका सुरक्षा रक्षकाचं खुलं पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कारखान्यांतील सुरक्षा रक्षकांना दिले जाणारे वॉकी-टॉकी संच

स.न.वि.वि.

मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यावर, एजन्सीमार्फत, सुरक्षा रक्षक म्हणून काम करतो. कारखान्याचं आणि एजन्सीचं नाव लिहीत नाही. मुलगी यंदा बारावीला आहे आणि नोकरी अजून शाबूत आहे. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून पत्र आटोपशीर लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेलसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात वॉकीच्या जादा बॅटरीने माझी उजवी मांडी भाजली. कुठे स्फोट झाला नाही, पेपरात बातमी आली नाही. आमचे सेट जुने आहेत. बॅटरी अर्ध्या शिफ्टमध्येच बसते आणि शिफ्ट बारा तासांची. म्हणून एजन्सी प्रत्येकाला एक जादा बॅटरी देते, ती सुटी, ना डबी ना कव्हर. लिथियमची, ७.४ व्होल्टची, मागच्या बाजूला पितळी रंगाचे उघडे पॉइंट. ती पँटच्या खिशात, आणि त्याच खिशात मटेरियल गेटच्या किल्ल्यांचा जुडगा. दोन पॉइंटांवर एक किल्ली आडवी पडली की सगळा करंट त्या किल्लीतून. आधी वाटलं ऊन लागतंय. मग चटका बसला, आणि खिशात हात घालेपर्यंत तर किल्लीला बोट लावता येईना. वर आमची पँट टेरीकॉटची. सुती कापड जळतं, साहेब. टेरीकॉट वितळून कातडीला चिकटतं. दवाखान्यात ते चिमट्याने सोडवत होते तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे सण मोठ्याने वाचत होतो, ओरडायला नको म्हणून.

किल्ल्या, नाणी, साखळी यांच्यासोबत सुटी बॅटरी ठेवू नका, हे वॉकी बनवणारा प्रत्येक मोठा कारखानदार माहितीपुस्तिकेत छापतो. आमच्या सेटची पुस्तिका मी अपघातानंतर मागून घेतली. ती कपाटात, सेटच्या मूळ खोक्यात, प्लास्टिकसुद्धा न फाडलेली निघाली. अर्धी इंग्रजी, अर्धी चिनी. मुलीने वाचून दाखवली. सेट उभा धरून तोंडापासून निदान अडीच सेंटीमीटर लांब ठेवून बोला. बटण दाबून बोलण्याचा वेळ एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त नको. बोलताना अँटेनाला हात लावू नका. अँटेना मोडकी असेल, वरचं रबर फाटलं असेल तर सेट वापरूच नका, कातडीला लागली तर भाजतं. छातीत पेसमेकर असेल तर सेट त्यापासून लांब धरा. बॅटरी भिजली, फुगली तर टाकून द्या. गरम जागी चार्ज करू नका.

मी ऐकत होतो आणि मला आमची केबिन दिसत होती. वर पत्रा, पंखा बंद, मे महिन्यात आत उभं राहवत नाही, आणि तिथेच एका बोर्डावर सहा चार्जर रात्रंदिवस लागलेले. एका सेटच्या अँटेनाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तोच सेट रात्रपाळीचे आमचे एक काका गालाला टेकवून बोलतात कारण त्याचा स्पीकर फाटलाय. काकांचं वय साठीच्या पुढे, बायपास झालेलं. त्यांना पेसमेकर आहे की नाही हे सेट हातात देताना कोणी विचारलं असेल? नुसता प्रश्न विचारतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तसं पाहिलं तर भाजणं हा मूळ मुद्दाच नाही.

आमच्या कारखान्यात सॉल्व्हेंटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, टाक्या आहेत. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल गेटवर जमा करून घेतात. ते काम माझंच. टँकरच्या ड्रायव्हरकडून फोन काढून घेताना मी रोज शिव्या खातो. त्याला सांगतो, बाबा रे, आत वाफ असते, एक ठिणगी पुरते. तो बिचारा फोन देतो. आणि लगेच मी स्वतः पाच वॅटचा वॉकी कमरेला लावून त्याच टाक्यांच्या मधून राउंड मारायला जातो! ड्रायव्हरचा फोन टॉवर जवळ असला की वॅटच्या लहानशा अंशावर चालतो. माझ्या सेटच्या मागे ५ वॅट असं ठळक छापलेलं आहे. फोन धोक्याचा आणि वॉकी काय देवाचा प्रसाद?

अशा जागी चालतील असे सेट वेगळे मिळतात. त्यांच्या आत ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवतात की बिघाड झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी पडत नाही. आपल्या देशात ज्वालाग्राही जागेतल्या विजेच्या उपकरणांना मान्यता देणारी पेसो ही केंद्राची संस्था आहे, आणि तिचं मुख्यालय कुठे, तर आपल्याच नागपुरात. हिवाळी अधिवेशनाला आपण तिथेच जाता. त्या मान्यताप्राप्त सेटचीसुद्धा बॅटरी टाक्यांजवळ बदलायची नसते, आणि बाजारातल्या कारागिराने तो उघडला की त्याची मान्यता गेली. आमच्या सेटवर अशी कुठलीच खूण नाही. मी एजन्सीच्या साहेबांना विचारलं. म्हणाले, तसल्या एका सेटच्या किमतीत तुमचा दोन महिन्यांचा पगार निघेल. हिशेब बरोबर असेल त्यांचा. माझ्या पगाराचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो, फक्त सात तारखेला विसरतात.

माझी बॅटरी तापली तेव्हा मी टाक्यांच्या कुंपणाबाहेर होतो. दहा मिनिटं आधी आत होतो. सेफ्टीवाल्यांनी धावत येऊन पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘आत होतास की बाहेर?’ बाहेर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी मुलीच्या दहावीच्या निकालालासुद्धा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

पुढचं आपल्या खात्याचं आहे, म्हणून नीट वाचा. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने अपघात कळवायचा असतो, हे जुन्या कारखाने कायद्यातलं आणि आता केंद्राच्या नव्या कामगार संहितेतलंही कलम आपल्याला माहीत असेलच. आमच्याकडेही ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी घरी पडून असताना मस्टरवर माझी हजेरी लागत होती. कागदोपत्री अपघात झालाच नाही. आणि महिनाअखेरीला पगार हातात आला तेव्हा त्याच दिवसांचे खाडे धरून पैसे कापलेले! मस्टरवर हजर, पगारात गैरहजर. एकच माणूस एकाच दिवशी दोन्हीकडे कसा असतो, हे आपल्या एखाद्या निरीक्षकाने मला समजावून सांगावं, मी त्याला चहा पाजीन.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, विचाराल, तर स्लिपवर पाऊण टक्का दरमहा न चुकता कापलेला दिसतो. दवाखान्यात गेल्यावर कळलं, माझ्या नावाने भरणा झालेलाच नाही. कामावर जखमी झालेल्याला ईएसआयकडून पगाराच्या नव्वद टक्के मिळायचे असतात म्हणे. एजन्सीने भरलं नाही तर कायद्याने मूळ मालक, म्हणजे कारखाना, जबाबदार, असंही म्हणतात. मूळ मालक म्हणतो एजन्सीकडे जा, एजन्सी म्हणते कंपनीकडे जा, आणि या दोन केबिनींमध्ये अंतर इतकं की मला वॉकीसुद्धा लागत नाही. मलमपट्टीचे पैसे बायकोने भिशीतून उचलले. रात्री कुशीवर वळता येत नाही. उभ्याची ड्यूटी, आणि जखमेवर परत तीच टेरीकॉट. दुसरी पँट मागितली तर म्हणाले युनिफॉर्मचे पैसे कापावे लागतील. कापा. आता मांडीशिवाय कापायला राहिलंय काय?

जरा विषयांतर होईल, पण चॅनलचंही सांगतो. आमचे सेट ऑनलाइन मागवलेले. भारतात २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमी ताकदीच्या सेटना विनापरवाना मोकळी आहे, बाकीला साधारणपणे दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना याच कारणाने नोटिसा काढल्या होत्या, की कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि परवाना लागतो की नाही हे न सांगता वॉकी विकले जाताहेत. आमचा सेट कुठल्या पट्टीत बोलतो ते एजन्सीला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की लग्नसराईत आमच्या चॅनलवर ‘स्टेजवर पाणी पाठवा’ ऐकू येतं. हसू येतं ना? आता ऐका. शेजारच्या प्लॉटवर क्रेनचं काम चालू होतं. त्यांच्या सिग्नलमनचं ‘वर घे, वर घे’ आमच्या सेटवर यायचं. आमचं त्यांच्याकडे जात नसेल कशावरून? मी टँकरवाल्याला ‘सोड, सोड’ म्हणतो आणि तिकडे क्रेनवाल्याने ऐकलं तर? सेटमध्ये टोन लावता येतो, मग दुसऱ्याचं बोलणं कानावर पडत नाही. पण तो चॅनल अडवून बसलेला असतोच, आणि आग लागल्याचं ओरडायची वेळ येईल तेव्हा स्टेजवर पाणी जात असेल. हे मी कुठे शिकलो? एका निवृत्त पोलीस हवालदाराकडून, फुकट. एजन्सीकडून शिकलो ते फक्त ‘रॉजर’ म्हणणं.

शिकवण्यासाठी नियम नाहीत असं नाही. खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा २००५चा आहे. केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष असं १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. माझं प्रशिक्षण पहिल्या दिवशी दुपारी झालं, दोन वडापाव आणि चार सह्यांत. प्रमाणपत्रावर मात्र १६० तास आहेत. आपल्या राज्याचा तर सुरक्षा रक्षकांसाठी १९८१चा वेगळा कायदा आहे, मंडळं आहेत. तरी माझ्यासारखे किती रक्षक एजन्सीच्या वहीत आणि कायद्याच्या बाहेर उभे आहेत, ते मोजायला एखादा दिवस काढाल? वसाहतीलगतच्या एका बोईसरमध्येच गेटं मोजायला निघालात तर संध्याकाळ होईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा केवढा गाजावाजा! प्रत्येकाला नेमणूकपत्र. चाळिशी ओलांडलेल्याला वर्षातून एकदा मोफत तपासणी. मी चाळिशी ओलांडून बसलोय, नेमणूकपत्राची वाट बघत. त्याआधी सप्टेंबरात आपल्याच मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आम्ही गेटवाले पेपर वाचून खूप हसलो. आमचा दिवस कधीपासूनच बारा तासांचा आहे. आपण आमच्या मागून आलात.

डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये परत झाला. माणसं गेली, घरांच्या काचा फुटल्या, धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. कोणी म्हणेल त्याचा वॉकीशी काय संबंध? नाहीच. मोठ्या स्फोटांची मोठी कारणं असतात. पण मोठ्या स्फोटानंतर समिती बसते, आणि रोज कमरेला लावून आत न्यायच्या दोन-अडीच हजाराच्या डब्याबद्दल एक ओळ कुठे लिहिली जात नाही. आगीचा बंब तपासतात, शिडी तपासतात, हेल्मेटची तारीख बघतात. वॉकी कोणीच बघत नाही, कारण तो गेटवाल्याच्या हातात असतो आणि गेटवाल्याला कोणीच आपल्या माणसांत मोजत नाही. कारखान्याच्या सेफ्टी वीकला त्याने फुगे लावायचे आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या.

माझं मागणं फार नाही. निरीक्षक कारखान्यात येईल तेव्हा त्याने गेटवर एक मिनिट थांबून वॉकी उलटा करून बघावा: मान्यतेची खूण आहे का, अँटेना धड आहे का, बॅटरी फुगली आहे का, सुट्या बॅटरीला कव्हर आहे का. सॉल्व्हेंट असलेल्या कारखान्यात साधा सेट कुंपणाच्या आत नेऊ देऊ नये, मोबाइलला जो न्याय तोच त्याला. सेटसोबत मराठीत आणि हिंदीत एक पान द्यावं, आणि ते वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यावी, ऐकणाऱ्याची नको. आमच्या सह्या खूप झाल्या. आणि मस्टर व पगारपत्रक दोन्ही एका टेबलावर शेजारी ठेवून बघावं. एवढं केलंत तर माझ्यासारखे कितीजण सापडतील ते आपल्याला कळेल, मला सांगायची गरज नाही.

माझे कापलेले पैसे आणि दवाखान्याची पावती यांची झेरॉक्स आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली आहे. पोचपावती अजून आलेली नाही.

कळावे,
आपला,
तारापूर एमआयडीसीतला एक गेटवाला