सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र: अनुदान देताय, तर वाजवणाऱ्यांची नावं पण लावायला सांगा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी मुंबईत बेस गिटार (खालच्या जाड सुरांची गिटार) वाजवतो, सेशन म्युझिशियन म्हणून, म्हणजे रेकॉर्डिंगला बोलावतील तिथे जाऊन वाजवणारा, वीसेक वर्षं झाली. परवा बायको-मुलीला घेऊन एक मराठी सिनेमा बघितला. त्यातल्या गाण्यांत माझा बेस आहे, आणि पैसे कमी करताना ‘टायटलमध्ये नाव देतो’ असं कबूल केलं होतं. जनरेटरवाल्यांचं नाव आलं, केटरिंगवाल्यांचं आलं, यायलाच पाहिजे, तेही राबतात. वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाही. फोन केला तर म्हणे राहून गेलं, आता काही होत नाही.

तुम्हाला वाटेल नावाचं एवढं काय. कॉपीराइट कायदा 2012 ला बदलला, त्यात परफॉर्मरला व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला. पण त्याच कायद्यात असंही आहे की सिनेमात ज्याचं काम किरकोळ आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच देत नाहीत, तो रॉयल्टीसाठी परफॉर्मर धरायचाच नाही. म्हणजे आधी नाव गाळायचं, मग त्यालाच रिवाज म्हणायचं, आणि मग हक्क मागायला गेलो की आम्ही कोणीच नाही!

आणि किरकोळ कसलं? अरेंजर, म्हणजे कोणी काय वाजवायचं ते ठरवणारा, हातात नुसत्या कॉर्ड्सचा (स्वरसमूहांचा) कागद देतो, बेसची सुरावट मी तिथल्या तिथे बांधतो, किक ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) धरून, गायकाच्या जागा सोडून. वर परत ऐकायचं की बेस ऐकूच येत नाही. कसा येईल, मोबाईलवर गाणं ऐकताय, बेसचा सगळ्यात खालचा सूर, ई, 41 हर्ट्झचा, त्या एवढ्याशा स्पीकरातून निघतच नाही.

पेमेंट तीन-तीन महिने लटकतं. डाव्या मनगटात कळा येतात, डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या, घेतली तर त्या महिन्याचा हप्ता कोण भरणार? ना पीएफ, ना भरपगारी रजा. बँकेत लोनला गेलो तर उत्पन्नाचा पुरावा मागितला, आमच्याकडे काय असतं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज. कीबोर्डवर बेस वाजवून घ्यायला लागले तेव्हाच अर्धं काम गेलं, आता एआय आलंय.

पंचमदांच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे, चरणजीत सिंग यांनीही त्याच फिल्मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. त्या गाण्यांवर अख्खा देश नाचला आणि ही नावं रस्त्यावर विचारा, शंभरात एकालाही माहीत नसतील. तेव्हा रेकॉर्डच्या कव्हरवर जागा नव्हती म्हणायचे, आज गाण्यांच्या ॲपवर जागेला काय कमी आहे? पण या देशात वर दिसतो त्याचा सत्कार होतो, खाली राबतो त्याचं मस्टरवर पण नाव नसतं, गवंड्यापासून आमच्यापर्यंत सगळ्यांचं तेच.

तुमचं सरकार ‘अ’ दर्जाच्या मराठी सिनेमाला 40 लाखांचं अनुदान देतं, तो जनतेचा पैसा आहे, माझाही. म्हातारपणी तुमच्याच वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेला अर्ज केला तर कामाचे पुरावे जोडायला लागतात, ते मी कुठून आणू?

म्हणून एकच मागतो. अनुदानाच्या अर्जाबरोबर प्रत्येक वादकाचं नाव, वाद्य आणि पैसे मिळाल्याची सही घ्या, आणि नावं पडद्यावर नसतील तर अनुदान सोडू नका. याला नवा कायदा लागत नाही, तुमच्या खात्याचा एक जीआर पुरतो. तो कधी काढताय, तारीख सांगा. ‘पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे’ असलं उत्तर नको.

आपला,
मुंबईतला एक बेस गिटारिस्ट